वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी नेमकी किती चालली, आणि किती मूळची राहिली?

प्रश्न : १९७२ सालची एक गाडी पाहिली. मीटरवर ४३,००० मैल आहेत आणि विकणारा म्हणतो, एवढीच चालली आहे. पण मीटर पाच आकडी आहे. ४३ हजार की १ लाख ४३ हजार, हे कसे ठरवायचे?

उत्तर : पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते. (उजवीकडचा वेगळ्या रंगाचा आकडा दशांशाचा, तो मोजायचा नाही.) त्यामुळे ४३,००० म्हणजे ४३ हजार, १ लाख ४३ हजार किंवा २ लाख ४३ हजारही. विकणारा खोटे बोलत असेलच असे नाही, कारण कित्येकदा त्यालाही माहीत नसते. म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि झीज बघा.

पेडलची रबरे, स्टिअरिंगचे कव्हर, मॅट, गिअरची मूठ या गोष्टी स्वस्तात आणि दहा मिनिटांत बदलतात. त्या झिजलेल्या असतील तर पुरावा आहे, नव्या असतील तर काहीच सिद्ध होत नाही. उलट ४३ हजार मैलांच्या गाडीला नवी पेडल रबरे का लागली, हा प्रश्न उरतोच. एक थर आत जा. क्लचचे पेडल पायाने नव्हे, हाताने धरून डावी-उजवीकडे हलवा. पिन आणि बुश झिजले असतील तर पेडल चांगलेच डुगडुगते.

सगळ्यात विश्वासाची पद्धत म्हणजे गाडीची तिच्याशीच तुलना. चालकाचा दरवाजा अर्धा उघडा, कडेला खालून धरून वर उचला आणि बिजागरीतली ढील बघा. मग तेच शेजारच्या दरवाजाला करा. वय, ऊन, पाऊस दोघांना सारखेच, फरक फक्त वापराचा. दोन्ही पुढच्या सीटच्या स्प्रिंगा आणि कडा, दोन्ही बाजूंच्या काचांवर वरखाली होऊन पडलेले उभे ओरखडे, दोन्ही उंबऱ्यांवरचा रंग हेही असेच जोडीने बघावे. चालकाची बाजू थकलेली आणि दुसरी कोरी असेल तर गाडी बहुधा एकट्यानेच, पण भरपूर चालवली आहे. दोन्ही बाजू सारख्याच कोऱ्या असतील तर आतले सामान नव्याने शिवलेले आहे का, ते विचारा.

पुढची काच मूळची असेल तर तिच्यासारखा साक्षीदार नाही. मावळतीच्या उन्हासमोर गाडी उभी करून आतून बघा, किंवा बाहेरून टॉर्च तिरका मारा. वर्षानुवर्षे उडालेल्या वाळूचे बारीक टोचे चमकतात. काच बदललेली असेल तर हेडलाइटच्या काचा आणि पुढच्या क्रोमचे टोक बघा.

आता बॉनेट उघडा. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची) कॅप काढून शाफ्ट आडवा हलवा. डोळ्यांना दिसेल इतका हलला तर बुश गेले आहेत. मग मोठ्या पान्याने क्रँक फिरण्याच्या दिशेने थोडा फिरवा, थांबा आणि उलटा फिरवा. रोटर हलायला लागेपर्यंत क्रँक किती अंश फिरला ते पुलीवरच्या खुणांवर मोजा. ८ ते १० अंशांहून जास्त मोकळी चाल म्हणजे टायमिंग चेन ताणली आहे. त्यात डिस्ट्रिब्युटरच्या गिअरची ढीलही मिसळलेली असते, एवढे ध्यानात ठेवा.

स्टिअरिंग बॉक्सची एक लबाडी ओळखता येते. बॉक्स सरळ चालताना, म्हणजे मधोमध, सर्वात जास्त झिजतो. तिथली ढील लपवायला स्क्रू घट्ट केला की मध्यात सगळे ठीक वाटते, पण पूर्ण वळवताना स्टिअरिंग अडकल्यासारखे जड होते. पुढची चाके जॅकवर उचलून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा.

आणि कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणे? जरूर करा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, कॉइलची जोडणी सोडलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. सर्वाधिक आणि सर्वात कमी आकड्यात १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मात्र यातून इंजिनची आजची तब्येत कळते, गाडीची चाल नाही. ३ लाख चाललेल्या गाडीतले नुकतेच बांधलेले इंजिनही उत्तम आकडे देते.


प्रश्न : मीटरचे आकडे एका ओळीत नाहीत. म्हणजे मीटर मागे फिरवले आहे, असे धरावे का?

उत्तर : लगेच नाही. पन्नास वर्षांच्या मीटरमधली आकड्यांची चक्रे सैल पडून वाकडी दिसू शकतात. त्यापेक्षा मीटरच्या कडेची धातूची पट्टी बघा. व्हीडीओ आणि स्मिथ्स या कंपन्यांच्या बऱ्याच मीटरांत ती दुमडून बसवलेली असते. तिच्यावर स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्याचे दात असतील तर मीटर कधीतरी उघडले आहे. उघडले म्हणजे फसवलेच असे नाही, दुरुस्तीलाही उघडतात. पण मग दुरुस्तीचे बिल हवे.

मीटर त्याच गाडीचे आहे का, हे तपासणे जास्त फलदायी. व्हीडीओच्या अनेक मीटरांच्या पाठीवर महिना आणि वर्ष ठोकलेले असते. गाडी १९६६ ची आणि मीटर १९७१ चे असेल, तर आकडा या गाडीचा नाहीच. डायलवरही बारीक अक्षरात एक संख्या असते. जर्मन मीटरवर ती ‘डब्ल्यू’पुढे लिहिलेली असते : १ असेल तर दर एक मीटर अंतराला मीटर फिरवणाऱ्या केबलचा एक फेरा, म्हणजे किलोमीटरला १,०००. स्मिथ्सच्या डायलवर एका मैलाचे फेरे असतात, उदाहरणार्थ १२८०. गिअर बॉक्स, मागचा अॅक्सल किंवा टायरचा आकार बदलून मीटर तेच ठेवले, की मोजणी चुकते. जीपीएस लावून नेमके २० किलोमीटर चालवा. मीटरने २२ दाखवले तर वरच्या सगळ्या आकड्यावर १० टक्क्यांची शंका आहे, आणि ती कधीपासून, हे कुणालाच ठाऊक नाही.

न फिरवताही मीटर कमी दाखवते. मर्सिडीज डब्ल्यू १२३ मध्ये आकड्यांच्या शाफ्टवरचा छोटा गिअर घसरतो, व्होल्वो २४० मध्ये प्लास्टिकचा इवलासा गिअर ठिसूळ होऊन तुटतो. काटा वेग दाखवत राहतो, आकडे थांबलेले. मालक तसाच पाच-सात वर्षे चालवतो. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर केबल पुढच्या डाव्या चाकाच्या मधून जाते आणि तिचे टोक ग्रीसच्या झाकणात एका खिळीने अडकवलेले असते. ती खिळ काढली की मीटर बंद. मागे फिरवण्याचा खटाटोप कोण करील?


प्रश्न : सर्व्हिस बुक आणि जुनी बिले मिळाली आहेत. त्यांतून काय शोधायचे?

उत्तर : एका कागदावर तारीख आणि मीटरचा आकडा एवढेच दोन रकाने करा आणि प्रत्येक कागद त्यात उतरवा. समजा असे आले : १९८४ ला ६१,२००. १९८७ ला ८८,९००. १९९१ ला १२,४००. १९९६ ला ९,८००. पहिल्या तीन वर्षांत २७,७००, म्हणजे वर्षाला सुमारे ९,२००. पुढे १२,४०० म्हणजे १,१२,४०० धरले तर चार वर्षांत २३,५००, वर्षाला ५,९०० च्या आसपास. गाडी जुनी झाली, वापर कमी झाला, हे पटण्यासारखे आहे. इथे मीटरने शून्य ओलांडले. पण १९९६ चा आकडा १९९१ पेक्षा कमी आहे. पुन्हा शून्य ओलांडले म्हणावे तर पाच वर्षांत ९७,४०० चालायला हवी, ते पटत नाही. तिथे बहुधा मीटर बदलले किंवा फिरवले. अशी एक गाठ सापडली की त्यानंतरच्या आकड्यांवरून एकूण चाल ठरवता येत नाही, आधीचे मात्र भरवशाचे राहतात.

मैल आणि किलोमीटर यांची सरमिसळ नेहमीची. ६२,००० मैल म्हणजे जवळपास ९९,८०० किलोमीटर. एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या गाडीचे मीटर बदलताना जुना आकडा कुठे नोंदवला आहे का, ते बघा. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. तिच्या दाखल्यांवर मीटरचा आकडा असेल, तर असे दहा-बारा दाखले ओळीने मिळणे म्हणजे मोठे भाग्य. अमेरिकेत मीटर फिरवण्याला १९७२ च्या संघीय कायद्याने बंदी आली, पण त्या पिढीच्या गाड्यांना दहा वर्षांनंतर विक्रीच्या वेळी आकडा जाहीर करण्यातून सूट मिळते. त्यामुळे तिथल्या मालकीपत्रावर ‘सूट’ असा शिक्का दिसला तर घाबरू नका. ‘मीटरच्या यांत्रिक मर्यादेपलीकडे’ अशी नोंद असेल तर मीटरने शून्य ओलांडल्याचे लेखीच मिळाले.

बनावट सर्व्हिस बुक ओळखायला फार हुशारी लागत नाही. दहा वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकसारख्या ताज्या शाईत असतील तर पुस्तक खाली ठेवा. शिक्क्यातला फोन नंबर त्या वर्षी होता तेवढ्या आकड्यांचा आहे का, हेही बघण्यासारखे.


प्रश्न : ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे नेमके काय जुळायला हवे? इंजिन नंबर कागदाशी जुळतो, तेवढे पुरे का?

उत्तर : पुरे नाही. कागदावरचा नंबर कुणी नंतर बदललेल्या इंजिनावरून उतरवलेला असू शकतो. गाडी कारखान्यातून बाहेर पडताना जे इंजिन होते तेच आज आहे का, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर कारखान्याच्या नोंदीतच मिळते. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट, एमजी, ऑस्टिन, ट्रायम्फ वगैरेंसाठी गेडनचे ब्रिटिश मोटर म्युझियम दाखला देते. मर्सिडीजचे डेटा कार्ड असते. १९६७ पासूनच्या अमेरिकी फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. हे दाखले गाडी कशी निघाली ते सांगतात, आज कशी आहे ते नव्हे. त्यामुळे दाखला हातात धरून गाडीखाली शिरावेच लागते.

जॅग्वार ई-टाइपमध्ये बॉनेटखालच्या पाटीवर गाडी, इंजिन, गिअर बॉक्स आणि बॉडी असे चार वेगळे नंबर असतात. इंजिन नंबर ब्लॉकवर आणि हेडवरही ठोकलेला असतो आणि शेवटी कॉम्प्रेशन रेशोचा आकडा येतो, जसे -९. पाटी नवी बनवून मिळते हे विसरू नका, म्हणून धातूत ठोकलेले नंबर आधी, पाटी नंतर.

नंबरांइतक्याच महत्त्वाच्या तारखा. शेव्हरले व्ही-८ च्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख उमटलेली असते : अक्षर महिन्याचे, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १५ ७’ म्हणजे १५ मार्च, पण १९५७, १९६७ की १९७७, हे ओतकामाच्या नंबरावरूनच कळते. क्रम असा हवा : आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडले, मग गाडी बनली. प्रत्येक टप्प्यात काही दिवस ते काही महिने. गाडी जानेवारीत बनली आणि ब्लॉक मार्चमधला, तर नंबर कितीही सुंदर जुळोत, इंजिन नंतरचे आहे. हेच ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरवर ठोकलेल्या आठवडा-वर्षाला, बॉशच्या ‘एफडी’ (निर्मितीची तारीख) कोडला, सीट बेल्टच्या लेबलला आणि काचांवरच्या खुणांना लागू. एखादा भाग वेगळ्या सालचा असणे स्वाभाविक आहे. पन्नास वर्षांत डायनॅमो बदलणारच. सगळेच भाग अगदी एका महिन्याचे निघाले तर मात्र कुणीतरी ते शोधून-शोधून बसवले आहेत.

ठोकलेला नंबर खरा का, हे पृष्ठभाग सांगतो. शेव्हरलेच्या ब्लॉकवर नंबर ठोकायच्या सपाट जागेवर कारखान्याच्या मशीनच्या बारीक समांतर रेघा असतात. त्या गुळगुळीत घासलेल्या असतील आणि अक्षरे वेगवेगळ्या खोलीची असतील तर शंका घ्या. पण इथेही घाई नको. इंजिन बांधताना ब्लॉकचा माथा मशीनवर घासला तर खरा नंबरही पुसला जातो. मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर घासलेल्या जागेची रासायनिक किंवा चुंबकीय तपासणी होते. त्यात खालचा जुना ठसा बऱ्याचदा वर येतो, कारण ठोकताना धातू खोलवर दबलेला असतो.


प्रश्न : रंग मूळचा आहे, असे सांगतात. रंगाची जाडी मोजायचे यंत्र वापरून बघितले. छतावर ११०, दरवाजावर २६०, मागच्या मडगार्डवर ९०० मायक्रॉन. अर्थ काय?

उत्तर : छत बहुधा मूळचे. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो. दरवाजा एकदा पुन्हा रंगवलेला. मागच्या मडगार्डमध्ये पुट्टी आहे, पण जुन्या गाड्यांत सांधे कारखान्यातच शिशाने भरत, म्हणून सांध्याजवळच्या मोठ्या आकड्याला फसू नका. सांध्यापासून वीतभर दूर पुन्हा मोजा. एका पॅनलवर निदान दहा जागी मोजा. एका जागचा आकडा योगायोग असतो. बॉडी अॅल्युमिनियमची असेल तर फक्त लोखंडावरचा रंग मोजणारे यंत्र चालत नाही.

मग दरवाजाचे रबर अलगद ओढून खालचा रंग बघा, आणि स्पॉट वेल्ड. कारखान्याचे वेल्ड एकसारख्या अंतरावरचे गोल खळगे असतात. त्यांच्या जागी सपाट घासलेले, वेडेवाकडे ठिपके म्हणजे पॅनल बदललेले. त्यात गैर काही नाही, किंमत मात्र मूळच्या गाडीची देऊ नये. फिवा ही जुन्या गाड्यांची जागतिक संघटनाही मूळ, अस्सल, पुनर्संचयित आणि पुनर्बांधणी केलेली असे गट वेगळे मानते.


प्रश्न : ४० वर्षांची गाडी, खरोखरच फक्त १८,००० किलोमीटर. डोळे झाकून घ्यावी?

उत्तर : टायर आधी वाचा. टायरच्या कडेवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, तीनच असतील तर टायर २००० पूर्वीचा. स्टेपनी मूळची असेल तर आकड्याला बळ मिळते, पण तिच्यावर चालवू नका. उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेकच्या होजा आतून फुगतात, व्हील सिलिंडर गंजून अडकतात, पेट्रोल टाकीत गंज आणि डिंकासारखा थर धरतो, क्रँकचे सील वाळून गळतात. पहिली चावी फिरवण्याआधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, रात्रभर ठेवा आणि क्रँक पान्याने हाताने फिरतो का ते बघा. अडला तर जोर लावू नका, हेड उघडा.