एक झाड तोडून दहा लावली तर जंगलातला कार्बन भरून निघतो का? आणि मातीतला कार्बन मोजतात कसा?

मातीतला कार्बन तरी इतक्या लवकर भरून निघत नाही. तुमच्या हिशोबात फक्त झाडं आहेत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या जंगलांतला कार्बन ७२०.४ कोटी टन धरला आहे, आणि त्यातला सुमारे ५६ टक्के मातीत आहे.

मी सह्याद्रीतल्या जंगलांच्या मातीवर काम करते. जुन्या देवराईत खड्डा घेतला की आधी सुटा पालापाचोळा, मग बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली अर्धवट कुजकी पानं, त्याखाली काळपट भुसभुशीत माती आणि खाली जावं तशी तांबडी. पानं कुजताना बराचसा कार्बन हवेत परत जातो. थोडा जीवाणू आणि बुरशीच्या शरीरात जातो, आणि ते मेल्यावर त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना, जांभ्यातल्या लोहाच्या ऑक्साइडांना धरून बसतात. असा कार्बन शतकानुशतकं टिकू शकतो, पण साचतोही तितक्याच सावकाश. जंगल तोडलं की वरचा थर पावसात वाहून जातो. वर रोपांसाठी जेसीबीने चर खणले, की आत दडलेलं सेंद्रिय द्रव्य उघडं पडून झपाट्याने कुजतं. म्हणून जुनं जंगल तोडून दुसरीकडे लागवड करण्याला भरपाई म्हणणं मला पटत नाही.

आता मोजणी. ठरावीक खोलीची माती काढायची, वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळांत १९३४ सालची वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात: कार्बनचं ऑक्सिडीकरण करायला पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचं, मग किती डायक्रोमेट उरलं ते कळायला रंग बदलणारा सूचक घालून फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. जांभळट निळा रंग एका थेंबासरशी हिरवा होतो, तिथे थांबायचं. पण यातून मिळतो तो नुसता टक्का. हेक्टरी किती टन, हे काढायला मातीची घनता लागते. समजा कार्बन २ टक्के, घनता घनसेंटिमीटरला १ ग्रॅम आणि खोली ३० सेंटिमीटर, तर हेक्टरी ६० टन. त्या थराचा एक तृतीयांश भाग दगडांचा असेल तर उरले ४०! सह्याद्रीच्या उतारावर दगड वजा न करता काढलेल्या आकड्यावर मी अजिबात विश्वास ठेवत नाही.

जंगल न तोडता उभं राहिलं म्हणजे साठा सुरक्षित, असंही नाही; माती तापली तरी तो घटू शकतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत तारा पुरून माती आजूबाजूपेक्षा ५ अंशांनी गरम ठेवली आहे. २६ वर्षांत तिथल्या वरच्या ६० सेंटिमीटरमधला १७ टक्के कार्बन गेला. तोही एकसारखा नाही: काही वर्षं भराभर घट, मग काही वर्षं जवळपास काहीच नाही, मग पुन्हा घट. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात हे दिसलंच नसतं.

तुमच्या भागात कोणी लागवडीचा कार्बन-हिशोब दाखवला तर तीन गोष्टी विचारा: माती किती खोलीपर्यंत धरली, तोडीआधी ती मोजली होती का, आणि दगड वजा केले का.