नाटक वर्गात आणताना

बाय, पहिल्याच महिन्यात संहिता पाठ करून घेऊ नकोस. आपली मुलं जत्रेतल्या नाटकांवर वाढलेली. नाटक म्हटलं की ती पडदा आणि टाळ्या शोधतात. वर्गात प्रेक्षक नकोतच.

विषय म्हणून गोव्याचा १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल घे. मतपत्रिकेवरचं फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. एकाला कूळ म्हणून खुर्चीत बसव, मग एकीला भाटकारीण, म्हणजे जमीनदारीण. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, खुर्चीतल्याने त्या माणसाच्या तोंडून उत्तर द्यायचं. नंतर बाजू बदल. फुलाच्या बाजूने तावातावाने बोललेल्या मुलाला दोन पानांची बाजू मांडावी लागते, तेव्हा तो पुस्तक स्वतःहून उघडतो. मी हे कितीदा पाहिलंय!

शेवटची दहा मिनिटं मात्र भूमिकेतून बाहेर यायला राख. मी ती एकदा गाळली आणि वर्गातलं भांडण मुलांच्या घरापर्यंत गेलं.

शिक्षकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण २०२०च्या शैक्षणिक धोरणातच आहे. त्यातले काही नाटकाला दे. सीसीआरटीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राच्या, शिक्षक-कार्यशाळांकडे लक्ष ठेव. ब्राझीलचा नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल याचं फोरम थिएटर, ज्यात बघणारेच उठून प्रसंगात शिरतात आणि तो बदलून बघतात, ते आधी स्वतः खेळून बघ, मगच मुलांकडे ने.