केरीच्या पठारावरून उडण्याआधी
गोव्यातल्या हरमल-केरीच्या पठारावर दुपारचा वारा समुद्राकडून थेट अंगावर येतो, म्हणून तिथे पॅराग्लायडर घेऊन उडायला मजा येते. पण टेकऑफआधी दहा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघत बस. दूरवर लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दाटला, की वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला समज. नवख्याने तेव्हा ग्लायडर पिशवीतच ठेवावा. ग्लायडरचा वेग जेमतेम ताशी ३५-३८ किलोमीटर. वारा त्याहून जोरात झाला तर मागे, कड्यामागच्या हवेच्या भोवऱ्यात ढकलला जाशील.

मे महिन्यात सह्याद्रीकडेही नजर हवी. एकदा तिकडे काळा ढग चढताना दिसूनही मी ‘अजून पाच मिनिटं’ म्हणत राहिलो. वारा अचानक फिरला. उतरल्यावरही हात थरथरत होते. तसा ढग दिसला की लगेच खाली ये, बाबा. जूनमध्ये तर नावच काढू नको.