गेटची किल्ली कुणाकडे?

प्रश्न : ताई, आमचं कॉलेज गावाबाहेर, आंब्याच्या बागेला लागून. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता एक मुलगी पोटात कळ येते म्हणून उठली. मेसची उसळ बाधली असेल, म्हणून मी ओवा चावायला दिला. तासाभरात तिच्या पापण्या मिटायला लागल्या. ती खाली गादी टाकून झोपते, हे तेव्हा कळलं, आणि साप चावला असेल अशी शंका आली. मग मुलींनी पायाला ओढणी करकचून बांधली, गेटची किल्ली मिळेना, वरिष्ठ फोन उचलेनात. मुलगी वाचली, पण माझी झोप उडाली. माझं काय चुकलं?
– एक रेक्टर, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ओव्याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. मण्यार रात्री चावते, फार दुखत नाही, सूज नाही, कधीकधी दाताची खूणही दिसत नाही. पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, पुढे श्वास अडतो. तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपलेली मुलगी मध्यरात्री पोट धरून उठली, तर आधी सापच मनात आणायचा.

ओढणी मात्र नको होती. पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवायचा, मुलीला चालवायचं नाही. आधीच कुणी आवळून बांधलं असेल, तर ते वाटेत घाईने सोडू नका. दवाखान्यात डॉक्टरांसमोर सोडायचं. साप शोधायलाही कुणाला पाठवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच आहे.

पण खरी वेळ खाल्ली ती किल्लीने. मी सव्वीस वर्षं वसतिगृह सांभाळलं. आमच्याकडेही किल्ली शिपायाच्या घरी असायची, आणि शिपाई राहायचा ओढ्यापलीकडे! शेवटी मी भांडून दुसरी किल्ली करून घेतली आणि माझ्या खोलीत खिळ्याला टांगली. परवानगीचंही तेच. ‘आधी गाडी, मग वरिष्ठांना फोन’ एवढं लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासन रात्री दोन वाजता कामाला येत नाही.

108 चा फोन पुण्यात उचलतात. त्यांना तुमची आमराई ठाऊक नसते. आधी जिल्हा, तालुका, गाव सांगायचं, मग खूण. एका मुलीला बॅटरी देऊन फाट्यावर पाठवायचं, सोबतीला वॉचमन. गाडी लांब असेल तर गावातल्या एका रिक्षावाल्याशी आजच बोलून ठेवा. लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही जवळ कुठे आहेत, तेही दिवसाउजेडी जाऊन विचारून या.

चुका माझ्याही झाल्यात. फिट आलेल्या एका मुलीच्या दातांत मी चमचा घातला होता. फिट आपोआप थांबली, तिचा पुढचा दात मात्र तुटला. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर 108, हे मला नंतर एका नर्सबाईंनी शिकवलं. ती मुलगी भेटली की अजून हसते, आणि मी दाताकडे बघायचं टाळते.

खाटा कमी आहेत म्हणून मुली खाली झोपतात ना? खाटा येईपर्यंत मच्छरदाण्या घ्या, कडा गादीखाली नीट खोचून. जूनच्या आधी.