लिबसी६ नव्या आवृत्तीतून आणू नका

उबुंटू २२.०४ या लिनक्स यंत्रणेवर डेब फाइल (प्रोग्राम बसवण्याचे पॅकेज) बसवताना ‘लिबसी६ २.३८ किंवा पुढील हवी’ असा अडथळा आला, तेव्हा ती एकच लायब्ररी (अनेक प्रोग्रामांना लागणारा सामायिक कोड) उबुंटूच्या नव्या २४.०४ आवृत्तीच्या पॅकेज-भांडारातून आणावी काय, असे आपण विचारले आहे. हाच उद्योग मी डेबियन ११ या तशाच लिनक्स यंत्रणेवर केला होता, म्हणून आधीच सांगतो की आणू नये.

यंत्रणेतील जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम लिबसी६ वर उभा असतो. २२.०४ मध्ये ती २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. जुन्या लिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या लिबसीवर सहसा चालतो. उलटे मात्र जमेलच असे नाही. आपली फाइल बिघडलेली नाही, ती आपल्या आवृत्तीसाठी बांधलेली नाही, इतकेच.

माझ्या वेळी प्रोग्राम पुरवणाऱ्या कंपनीच्या मदत कक्षाने, माझी आवृत्ती कोणती हे न विचारताच, तीनदा ‘सर्वांत नवे पॅकेज घ्या’ एवढेच कळवले. मी भांडारांच्या यादीत डेबियन १२ ची ओळ जोडून लिबसी६ मागवली. ॲप्टने (पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाने) कोणती पॅकेजे काढली जातील याची लांबलचक यादी दाखवली होती. ती न वाचता मी ‘वाय’ (होय) दाबले आणि तिच्याबरोबर अख्खा डेस्कटॉप गेला. पॅकेजे मागील आवृत्तीवर नेण्याला डेबियनचे पाठबळ नसते, त्यामुळे अखेर सगळी यंत्रणा नव्याने बसवावी लागली. यादी न वाचणे ही चूक माझीच. पण आवृत्ती विचारायला त्या कक्षाला एक ओळ पुरली असती.

माझे मत, तेही केवळ घरगुती संगणकापुरते, असे आहे की ‘ॲप्ट पॉलिसी’ या आज्ञेने भांडारात तो प्रोग्राम सापडत असेल, तर थोडा जुना असला तरी तोच घ्यावा. नसेल तर २२.०४ साठी वेगळी फाइल आहे का ते पाहावे, आणि तीही नसेल तर फ्लॅटपॅक (प्रोग्राम यंत्रणेपासून वेगळा ठेवून बसवण्याची पद्धत) वापरावे. ते स्वतःचा रनटाइम (लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा संच) सोबत आणते, त्यामुळे जागा अधिक खाते, पण आपल्या लिबसीला हात लावत नाही. ॲपइमेजला (न बसवता थेट चालणाऱ्या एकाच फाइलमधील प्रोग्रामला) अनेक जण रामबाण मानतात, मात्र ती बहुधा संगणकातीलच लिबसी वापरते, म्हणून हाच अडथळा तेथेही येऊ शकतो. तरी ती वापरणार असाल, तर २२.०४ वर तिला लागणारी ‘लिबफ्यूज२’ ही लायब्ररी बसवावी, नुसते ‘फ्यूज’ नव्हे; ‘फ्यूज’पायी डेस्कटॉपची पॅकेजे निघून जाऊ शकतात.

काहीही बसवण्यापूर्वी ॲप्टला ‘सिम्युलेट’ (प्रत्यक्ष बदल न करता काय होईल ते दाखवणारा) पर्याय देऊन पाहावे. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांत एकही अनपेक्षित नाव दिसले, तर तेथेच थांबून ती यादी मला कळवावी.