गुन्हा कबूल केल्यावर अपील करता येते का?

प्रश्न : माझ्या आतेभावाने काही वर्षांपूर्वी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले. आत्या अंथरुणाला खिळली म्हणून तो पर्यटक व्हिसावर गावी आला आणि मुदत संपल्यावरही सात महिने राहिला. इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायदा, २०२५ च्या कलम २३ खाली खटला झाला, तेव्हा ‘कबूल केलेस तर लवकर सुटशील’ असे कुणी सांगितल्यामुळे त्याने म्हापशाच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा कबूल केला. त्याला ६ महिने कैद आणि ५० हजार रुपये दंड झाला असून तो कोलवाळच्या कारागृहात आहे. निकालाला २२ दिवस झाले. अपील करता येईल का? ते जिंकल्यास त्याला आत्याजवळ राहता येईल का?
— एक वाचक, बार्देश

उत्तर : अपील करता येईल, परंतु ते शिक्षेपुरतेच असेल. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे, ज्याने गुन्हा कबूल केला त्याला दोषसिद्धीविरुद्ध, म्हणजे दोषी ठरवल्याविरुद्ध, अपील नसते. शिक्षा बेकायदा आहे किंवा प्रमाणाबाहेर आहे, एवढेच सत्र न्यायालयात मांडता येते. तुमच्या प्रकरणात मला हा मार्ग मुळीच क्षुल्लक वाटत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या या कायद्याचे कलम २३ तीन वर्षांपर्यंत कैद ‘किंवा’ तीन लाखांपर्यंत दंड ‘किंवा’ दोन्ही, असे सांगते. म्हणजे केवळ दंडावर भागवण्याची मोकळीक कायद्यानेच ठेवली आहे, आणि आजारी आईसाठी थांबलेल्या माणसाला तुरुंगात ठेवणे खरोखर आवश्यक होते का, हा प्रश्न वरच्या न्यायालयाला विचारता येतो. त्यासाठी आत्यांच्या उपचाराचे कागद, रद्द झालेले परतीचे तिकीट, व्हिसा वाढवून मागितला असल्यास त्या अर्जाची पोच, हे सगळे एकत्र करा.

कबुलीची नोंदही पाहून घ्या. दोषारोप त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगितला होता का, त्याने प्रत्यक्षात काय उत्तर दिले, हे खटल्याच्या कागदांवरून कळेल. ती कबुली खरी कबुलीच नव्हती असे दिसल्यास वकील तो मुद्दाही अपिलात किंवा पुनरीक्षण अर्जात (खालच्या न्यायालयाचा आदेश तपासण्यासाठी वरच्या न्यायालयाकडे केलेल्या अर्जात) घेऊ शकतील. मात्र ‘लवकर सुटशील’ हा कुणी दिलेला सल्ला एवढ्यावरच कबुली रद्द होईल, अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

आता दिवसांचा हिशेब. सत्र न्यायालयातील अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो. म्हणूनच प्रतीच्या मागे अर्ज कधी आला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखांचे शिक्के मारलेले असतात. ते शिक्के नीट उमटले आहेत की नाहीत, हे खिडकीवरच तपासा. प्रतीचा अर्ज अजून केला नसेल तर उद्याच करा. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असे नाही. वकील परवडत नसेल तर कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आतेभाऊ स्वतः तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो.

अपिलाबरोबरच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० खाली शिक्षा स्थगित करून जामीन मागावा, कारण सहा महिन्यांची शिक्षा अपील ऐकले जाईपर्यंत भोगून संपण्याची शक्यता असते. खटल्यापूर्वी तो कोठडीत असेल तर ते दिवस त्याच संहितेच्या कलम ४६८ नुसार शिक्षेतून वजा व्हायला हवेत. अपिलामुळे शिक्षा वाढेल, ही भीती मात्र सोडा. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. सरकारला ती अपुरी वाटली, तर त्याला स्वतंत्र अपील करावे लागते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला जड जाते. शिक्षा कमी झाली, अगदी रद्द झाली, तरी त्यातून व्हिसा मिळत नाही. देशात राहण्याची परवानगी हा केंद्र सरकारच्या विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचा स्वतंत्र विषय आहे. सुटकेनंतर परत पाठवण्याची कारवाई होऊ शकते आणि पुढे भारतात येण्यावर बंदीही लागू शकते. म्हणून आत्यांची प्रकृती दाखवणारे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून पणजीच्या या कार्यालयात वेगळा अर्ज करावा. तो आतेभाऊ सुटण्याची वाट न पाहता, अपील दाखल होत असतानाच द्यावा.