सिंधुदुर्गात राहून चित्रकाराला काम आणि संधी मिळतात का, की मुंबई-पुणे गाठावंच लागतं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: पुण्यात जी. डी. आर्ट (चित्रकलेची सरकारी पदविका) झालंय, वय सत्तावीस, घरच्या कारणाने सावंतवाडीला परत आलात, नाटकाचीही थोडी आवड आहे, आणि 'इथे कलेचं काही घडतच नाही' असं तुम्हाला वाटायला लागलंय. मी कुडाळचा. चित्रं काढतो, हौशी नाटकांचं नेपथ्य करतो, पावसाळ्यात गणपती रंगवतो, आणि या सगळ्याच्या बेरजेवर घर चालतं. ऐटीत नाही, पण चालतं.

इथे घडतं भरपूर, पण पुण्यात ज्या जागी बघायची सवय लागते त्या जागी ते दिसत नाही. साडेआठ लाख वस्तीचा हा जिल्हा. त्यात चित्र विकत घेऊन दिवाणखान्यात लावणारी माणसं किती असणार? पण हीच माणसं जत्रेत रात्रभर बसून दशावतार (आपल्याकडचं लोकनाट्य) बघतात, दोन बुवांची डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, ऐकायला पाच गावं ओलांडून जातात, आणि चतुर्थीला गणपतीमागची भिंत रंगवून घ्यायला पैसे मोजतात. इथल्या कलाकाराचं वर्ष जत्रा आणि चतुर्थीच्या हिशोबाने चालतं. तुम्हीही त्याच हिशोबाने बघा.

चतुर्थीपासून सांगतो, कारण तुमच्यासारखीला पहिलं काम तिथेच मिळेल. आपल्याकडे गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागा, असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण लहानपणी मूर्ती आणायला शाळेत जाणं वेगळं आणि कामाला जाणं वेगळं. पावसाळा सुरू झाला की घरोघरचे पाट शाळेत येऊन पडतात. पाटाखाली रंगाने किंवा खडूने घराण्याचं नाव लिहिलेलं असतं, आणि मूर्ती त्या पाटावरच उभी राहते. माती मळणं, साचा, हातकाम यांना घरची आणि वाडीतली माणसं पुरतात. कमी पडतात ते आखणी करणारे, म्हणजे मूर्तीवर बारीक रेघा ओढून डोळे, भुवया काढणारे हात. शेवटच्या पंधरवड्यात सगळ्या मूर्ती एकदम रंगाला येतात, बाहेर पाऊस, आत एकही मूर्ती धड सुकत नाही, आणि डोळ्यांची आखणी तर घाईत करून चालत नाही. बुबुळ केसभर सरकलं तर गणपती तिरळा दिसतो, आणि घरच्या आजीला ते पहिल्या नजरेत कळतं. ज्याचा हात या कामाला बसलाय त्याला त्या दिवसांत शाळावाले शोधत येतात. रोजावर किंवा नगावर पैसे मिळतात. दर आधी ठरवून घ्या. ओळखीत कोणी बोलत नाही आणि मग तोंडं वाकडी होतात.

त्याच दिवसांतलं दुसरं काम म्हणजे भिंत. गणपती बसतो त्या भिंतीवर दरवर्षी नवं चित्र काढायची पद्धत जुन्या घरांत अजून आहे. फ्लेक्स आल्यावर ती बरीच मागे पडली, पण अलीकडे घरं नव्याने बांधलेली चाकरमानी मंडळी पुन्हा हाताने काढलेलं मागायला लागलीत. 'पूर्वी आमच्याकडे मोर आणि कमळं असायची' एवढंच त्यांना आठवत असतं, बाकीचं तुमच्यावर सोपवतात. एका घरचं काम चांगलं झालं की आरतीला येणारी अख्खी वाडी ते बघते. याहून चांगली जाहिरात आपल्याकडे दुसरी नाही.

आता दशावतार. तुम्ही म्हणाल, मी चित्रकार, माझा काय संबंध? त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू होतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत कंपन्या या गावातून त्या गावात फिरत असतात. नट आपला चेहरा आपणच रंगवतो. पेटाऱ्यावर बसून, एका हातात आरसा, आधी सफेदा, मग भुवया, मग ओठ. गप्पा चालूच असतात आणि बघता बघता कालपर्यंत शेतात असलेला माणूस द्रौपदी होतो. या कामात तुम्हाला कोणी हात घालू देणार नाही, आणि घालूही नये. पण हल्ली 'ट्रिकसीनयुक्त' प्रयोगांचं जे पीक आलंय त्याकडे बघा. मुखवटे, राक्षसांची तोंडं, नाग, तुटणारं शिर, उडणारा गरुड, हे सगळं कोणीतरी बनवतंच ना? थर्माकोल, फोम, कागदाचा लगदा, रंग आणि थोडी सुतारकी येणारी माणसं या कामाला लागतात. जुनी जाणती माणसं नाक मुरडतात, ट्रिकसीनमुळे संवाद पातळ झाले म्हणतात. मलाही आख्यानात रंगलेली शब्दांची जुगलबंदी जास्त आवडते. तरी मुखवटा नीट झाला तर तो प्रेक्षकांतल्या पोरांना झोपेतसुद्धा आठवतो, हेही खरं.

यात शिरायला अर्ज वगैरे नसतो. जत्रेत लवकर जा, रंगपटाजवळ (नट रंगतात त्या जागेजवळ) उभ्या राहा, वही घेऊन रेखाटनं करा. 'चेडवा, खंयचा तू?' (पोरी, कुठली तू?) असं कोणीतरी विचारणारच. तिथून पुढे ओळख वाढते. बाईमाणूस रात्री एकटी कशी जाणार हा प्रश्न तुमच्या मनात येईल. पहिल्यांदा गावच्याच जत्रेत घरच्यांबरोबर जा, जत्रेला घरं आख्खी लोटतात.

नाटकाचं म्हणाल तर हा जिल्हा हौशी रंगभूमीसाठी चांगला आहे. कणकवलीचं वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आणि कुडाळचं बाबा वर्दम थिएटर्स ही नावं लक्षात ठेवा. त्यांचे कार्यक्रम बघायला जा आणि प्रयोग संपल्यावर लगेच घरी पळू नका. सेट उतरवताना मदतीला थांबणारा माणूस सगळ्या संस्थांना हवा असतो. राज्य हौशी नाट्य स्पर्धेत नेपथ्य, रंगभूषा, प्रकाशयोजना यांना स्वतंत्र बक्षिसं असतात, आणि लहान गावातल्या संघांची रड तीच असते: नट मिळतात, दिग्दर्शक मिळतो, नेपथ्याला माणूस मिळत नाही. शेवटी मंडपवाल्याकडचे दोन फ्लॅट, म्हणजे भिंतीसारख्या चौकटी, आणून उभे करतात. शिकलेल्या चित्रकाराने तीन रेघांत दृश्य उभं केलं की परीक्षकांच्या नजरेत भरतं. स्पर्धेत संस्थेच्या नावाने उतरावं लागतं, संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र लागतं; ही कागदपत्रांची कटकट संस्था बघते, तुम्हाला फक्त कामाचं बघायचं. पैसे मात्र फारसे नसतात. प्रवासखर्च आणि जेवण सुटलं तर सुटलं. मी हे काम हौसेखातर करतो आणि त्यातून झालेल्या ओळखींवर बाकीची कामं मिळतात.

तुमच्या दारातलंही सांगतो, कारण सावंतवाडीत राहून सावंतवाडीकडेच दुर्लक्ष होतं. मोती तलावासमोरच्या राजवाड्यात दरबार हॉलमध्ये आजही बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, हाताने रंगवतात. पर्यटक तिकीट काढून बघतात, आपण शाळेच्या सहलीनंतर पुन्हा जात नाही. दशावतारी गंजिफाचा संच 120 पानांचा, दहा अवतारांची दहा रंगांतली बारा-बारा पानं. गोल पानावर, एवढ्याशा जागेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळं बसवायचं. ही कला जवळजवळ संपली होती, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. जाऊन विचारा, शिकायला मिळेल का, काम मिळेल का. नकार मिळाला तरी एक दुपार तिथे बसून ब्रश कसा धरतात ते बघा. चितारआळीत लाकडी फळांच्या दुकानांतही हल्ली नव्या डिझाइनची भूक आहे. तीच आंबा-केळी-अननसाची परडी किती वर्षं विकणार? खेळणी बनवणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्क्यांनी कर्ज मिळतं. पण ती योजना परंपरेने हाताने काम करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही चित्रकार म्हणून तिथे बसत नाही, एखाद्या कारागिराबरोबर मिळून काम केलंत तर त्यांना सांगा.

कुडाळजवळ पिंगुळीला गेल्या नसाल तर या आठवड्यात जा. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला), कळसूत्री बाहुल्या, सगळं तिथे एका घरच्या अंगणात जपलंय. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये त्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीचं पान हातात धरून कथा सांगतात तेव्हा रेषेचा उपयोग काय असतो ते कळतं. पात्रांचे डोळे केवढे मोठे, चेहरे बाजूने, हे नीट बघा. पण एक विनंती. तिथून आकृत्या उचलून पिशव्यांवर आणि कपांवर छापायला लागू नका. तो त्यांच्या पोटाचा धंदा आहे. करायचंच तर त्यांना विचारून, त्यांच्या नावाने.

आता बाहेरच्या दारांबद्दल, जी इथे बसूनही उघडतात. तुमचं वय सत्तावीस, म्हणजे केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती (18 ते 25) हुकली. पण ज्युनिअर फेलोशिप 25 ते 40 वयासाठी आहे, महिना दहा हजार, दोन वर्षं. त्यासाठी अभ्यासाचा विषय द्यावा लागतो, आणि विषयांची आपल्याकडे रेलचेल आहे. गणपतीच्या भिंतींचंच घ्या: घराघरांतून फोटो, रेखाटनं, काढणाऱ्यांच्या मुलाखती. मुंबईतला उमेदवार हा विषय कुठून आणणार? ललित कला अकादमीच्या शिष्यवृत्त्या आणि राष्ट्रीय प्रदर्शन, कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, 1888 पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, यांच्या तारखांवर नजर ठेवा. पहिली निवड फोटोंवरून होते, म्हणून कामाचे फोटो नीट काढायला शिका. ढगाळ दिवशी सकाळी, अंगणात, सावलीत. आपल्याकडे पावसाळ्यात असा उजेड फुकट मिळतो.

पणजी सावंतवाडीहून दीड-दोन तासांवर आहे. तुमच्यासाठी ती पुण्याहून कितीतरी जवळ, हे विसरू नका. डिसेंबरातला सेरेंडिपिटी कला महोत्सव, आल्तिनो टेकडीवरचं सुनापरान्त कलाकेंद्र, कला अकादमी, एवढं तरी वर्षभर बघत राहिलात तर एकटेपण बरंच कमी होईल. गोवा सरकारच्या बऱ्याच स्पर्धा तिथल्या रहिवाशांसाठीच असतात, अट आधी वाचा. उत्तरेला रत्नागिरीत आर्ट सर्कलचा थिबा राजवाड्यातला संगीत महोत्सव आहे, देवरुख आणि सावर्ड्यात कला महाविद्यालयं आहेत. तिथे प्रात्यक्षिकं होतात, आणि बाहेरून आलेल्याला कोणी हाकलून देत नाही.

रोजच्या भाजीभाकरीसाठी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचे वर्ग घ्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक स्वतःहून येतात, आणि शाळांत चित्रकलेचे शिक्षक कमी झालेत. हे काम कमी दर्जाचं आहे असं मला कधीच वाटलं नाही.

न करण्यासारख्या दोन गोष्टी. पदरचे पैसे घालून हॉल भाड्याने घेऊन चित्रप्रदर्शन भरवू नका. उद्‌घाटनाला पाहुणे येतील, शाल-श्रीफळ होईल, पेपरात फोटो येईल, आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही आणि पंखा. त्यापेक्षा एखाद्या नाट्यमहोत्सवाच्या प्रवेशद्वाराशी पाच चित्रं लावायची परवानगी मागा, माणसं आयती येतात. दुसरं, तारकर्ली-मालवणकडच्या रिसॉर्टच्या भिंती. काम भरपूर आहे, पण 'नाव होईल तुमचं, रंगाचे पैसे देतो' म्हणणारेही भरपूर आहेत. एका ठिकाणी मी अख्खी भिंत रंगवली, उरलेल्या पैशांच्या बदल्यात मालकाने मासळीची थाळी पुढे केली. थाळी उत्तम होती, बाकी अजून यायची आहे. चौरस फुटाचा दर सांगा, अर्धे आगाऊ घ्या, मगच शिडी लावा.

बातम्या कुठे कळतात असंही तुम्ही विचारलंय. तरुण भारतच्या सिंधुदुर्ग आवृत्तीतली आतली पानं, चहाच्या टपरीवरचे डबलबारीचे आणि दशावताराचे फलक, आणि व्हॉट्सअ‍ॅप. संस्थांच्या ग्रुपमध्ये कोणीतरी ओळखीचं घेतं, म्हणून आधी एखाद्या प्रयोगाला जाऊन तोंड दाखवा.

तुम्ही मातीत किंवा मोठ्या भिंतीवर कधी काम केलंय का, ते खाली कळवा. कुडाळ बाजूच्या एक-दोन शाळांना आखणीला माणूस हवाच असतो, मी विचारून सांगतो.